रास्ता पेठेतलं केईएम संशोधन केंद्र : आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचा अनुभव

पुण्यातल्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाबद्दल लिहिणारे बहुतेक जण ओपीडीतली गर्दी, बाळंतपणाचा खर्च आणि गाडी लावायला जागा मिळते का, एवढं लिहितात. ते उपयोगाचंच आहे. मी लिहिणार आहे ते त्याच आवारातल्या संशोधन केंद्राबद्दल, त्यातही बानू कोयाजी इमारतीत सहाव्या मजल्यावर असलेल्या डायबेटिस युनिटबद्दल. तिथे मी पेशंट म्हणून गेलेले नाही, अभ्यासातली मुलगी म्हणून गेले. माझ्या आधी माझी आई त्या अभ्यासात होती आणि आता माझी लेकही आहे. या सेवेची पावती फाटत नाही, जाहिरात होत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी लिहीतही नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. का, ते जरा सविस्तर सांगते.

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमने एक अभ्यास सुरू केला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी असं त्याचं नाव, पण गावात सगळे ‘केईएमचं’ एवढंच म्हणतात. ‘आज केईएमचं आहे’ म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. आमचं गाव त्या सहांपैकी एक. कोरडवाहू शेती, बाजरी-ज्वारी, जनावरं, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. आई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली होती.

अभ्यास गरोदर बायकांचा होता, पण सुरुवात गरोदर नसलेल्या बायकांपासून केली होती. हीच त्यातली मोठी गोष्ट आहे. दर महिन्याला एक ताई घरी यायच्या आणि पाळीची तारीख लिहून न्यायच्या. माझ्या आजीला हे सुरुवातीला अजिबात पटलं नाही. “परक्या बाईला असलं काय सांगायचं? आन ती लिहून घेऊन करती काय त्याचं?” असं ती म्हणायची. त्या ताईंनी आजीला ओट्यावर बसून समजावलं होतं, की बाळाची वाढ नीट मोजायची तर दिवस कधी राहिले ते पक्कं माहीत पाहिजे. नंतर आठवून सांगितलेल्या तारखेत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. आजीला ते लगेच पटलं. गाय कधी फळली हे तिच्या तोंडपाठ असायचं, तसंच सुनेचंही पाहिजे, असं तिनेच मग आळीतल्या बायकांना सांगितलं.

पाळी चुकली की सोनोग्राफी. त्या काळी आमच्या गावातल्या किती बायकांनी सोनोग्राफीचं मशीन पाहिलं असेल? मुलगा की मुलगी हे आजीने विचारून पाहिलं. ते सांगत नाहीत आणि सांगणार नाहीत, असं स्पष्ट उत्तर मिळालं. आई ही गोष्ट अजून कौतुकाने सांगते.

मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात मोठी तपासणी व्हायची. वजन, उंची, दंडाचा घेर, रक्त. आणि खाण्याची चौकशी. काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं? भाकरी किती? कोणत्या पिठाची? कालवण कोणतं, वाटी केवढी, वरून तेल घेतलं का? चहात दूध किती, कपभर की रंगापुरतं? कामाचंही तसंच : खुरपणी किती वेळ, पाणी किती लांबून, दळण, धुणं, सरपण. आई सांगते की आपण दिवसभरात काय खातो आणि किती राबतो, हे तिला तोवर माहेरी किंवा सासरी कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यांचीही मापं घेतली. त्यामुळे बाबाही अभ्यासात आहेत.

त्या खाण्याच्या चौकशीत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचं मोठं काम आहे. २००१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, की एकूण उष्मांक आणि प्रथिनं किती यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसतो. ज्या बायका ते वरचेवर खात, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. पुढच्या कामात हेही दिसलं, की गरोदरपणात अंगमेहनत फार झाली तर बाळ लहान राहतं. आमच्या आळीत आज गरोदर सुनेच्या ताटात मेथी, शेपू, तांदुळजा आवर्जून वाढतात, त्यामागे त्या ताईंच्या वह्या आहेत हे मी खात्रीने सांगते, कारण मी ते होताना पाहिलं आहे.

आता बाळांचं. जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत मापं घ्यायचीच, असा नियम. बाळ घरी झालेलं असो, माहेरी असो किंवा दवाखान्यात. वजनकाटा, लांबी मोजायची फळी, डोक्याचा, दंडाचा, पोटाचा घेर, आणि एक चिमट्यासारखं यंत्र, ज्याने दंडाच्या मागची आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी अलगद धरून जाडी मोजतात. त्या चिमट्याने भारतीय मधुमेहाबद्दलची समजूत बदलली, असं मी म्हटलं तर ते फार वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही.

कारण पुढचे आकडे पाहा. आमच्या मातांची उंची सरासरी १५२ सेंटिमीटर आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, १८ च्या आसपास. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो. त्यांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिथली सरासरी ३.५ किलो. म्हणजे आमची मुलं सगळ्याच मापांत लहान भरली. पोटाचा घेर सगळ्यांत कमी, म्हणजे आतले अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास टिकून राहिलेली. दिसायला किरकोळ, पण त्या किरकोळ अंगात चरबीचा वाटा जास्त. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी झालं. ती बाळं म्हणजे आम्ही, आमच्या गावच्या शाळेत पहिलीच्या बाकावर बसलेली पोरं.

या सगळ्यामागे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत. १९८० च्या दशकात केईएममध्ये मधुमेहाचे रुग्ण तपासताना त्यांना दिसलं, की पाश्चात्त्य पुस्तकांत टाइप २ मधुमेहाचा रुग्ण म्हणजे वयस्क आणि लठ्ठ, आणि इथे समोर बसलेला माणूस तरुण आणि बारीक, फक्त पोट सुटलेलं. मग इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर यांचं म्हणणं पुढे आलं, की मोठेपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची बीजं आईच्या पोटात पडतात. बार्कर यांच्या संस्थेतल्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्याबरोबर केईएमने हे काम उभं केलं, वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने पैसे दिले. आमच्या सहा गावांच्या आधी केईएममध्येच जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी परत बोलावून तपासलं होतं. जन्मतः वजन कमी असलेल्यांची साखर आणि इन्शुलिन त्या वयातही जास्त निघालं. आठव्या वर्षी असं दिसलं, की जन्मतः लहान आणि नंतर अंगाने वाढलेल्या मुलांची स्थिती सर्वांत वाईट.

याज्ञिकांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. कंपनीतल्या बारीक मित्रांना मी नेहमी हेच उदाहरण देते. “मी कुठे जाड आहे?” याला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

इथे थोडं मागं जावं लागेल. हे रुग्णालय १९१२ चं. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये इथे रुजू झाल्या तेव्हा ते ४० खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या काळात ते ५५० खाटांचं झालं. खाटा वाढवणारे पुष्कळ असतात. पण बाईंनी १९७२ मध्ये संशोधन केंद्र काढलं आणि त्याच दशकात जिल्हा परिषदेबरोबर शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या मुलींना आणि बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. आशाताई आज घरोघर दिसतात. त्याच्या कितीतरी आधी वढूच्या परिसरात हे चालू होतं. १९८९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९९३ मध्ये मॅगसेसे. त्याच १९९३ मध्ये आमच्या गावात पहिली ताई वही घेऊन आली. मला हा योगायोग वाटत नाही. गावात जायची वाट बाईंनी आधी पाडून ठेवली होती, म्हणून शास्त्रज्ञांना गावाने दारात उभं केलं.

माझी स्वतःची आठवण सहाव्या वर्षीची. आम्हाला आदल्या संध्याकाळी गाडीने पुण्याला नेलं, आया बरोबर. रात्रीचं जेवण तिथेच. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं गोड पाणी एका दमात प्यायचं, अर्ध्या तासाने परत रक्त, दोन तासांनी परत. मधल्या वेळात मापं. हाताला सुई टोचायच्या आधी भूल देणारं मलम लावलं होतं, म्हणून रडारड फार झाली नाही. डेक्सा नावाच्या यंत्राखाली हलायचं नाही म्हणून एक ताई माझ्याबरोबर आकडे म्हणत होत्या. अंगात हाडं किती, स्नायू किती, चरबी किती, हे ते यंत्र सांगतं. साडेसहाशे मुलांची ही तपासणी झाली. सहा गावांतली, शेतकऱ्यांची, मेंढपाळांची, मजुरांची साडेसहाशे मुलं! बाराव्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा आम्हाला चिमट्याची लाज वाटायची, आणि मुलींना वेगळ्या खोलीत, बायकांनीच मापलं. एवढं भान होतं.

अठराव्या वर्षी मी संमतीपत्रावर पहिल्यांदा स्वतःची सही केली. तोवर आई-बाबांची असायची. आजीने तर कधीकाळी अंगठा उठवलेला. मराठीत छापलेलं, कशासाठी रक्त घेणार, काय तपासणार, नको असेल तर केव्हाही बाहेर पडता येईल, सगळं त्यात होतं. मला ते वाचायला वेळ दिला. घाई नाही. तपासणीनंतर कागद हातात आला, आणि एका डॉक्टरांनी बसवून सांगितलं की तुझी साखर काठावर आहे. माझं वजन तेव्हा ४४ किलो होतं. घरात कुणाला खरं वाटेना. “हिला आधी खाऊ घाला” असंच सगळे म्हणत होते.

मी एकटी नव्हते. अठराव्या वर्षी आमच्यातल्या मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली, आणि बीएमआयचा मध्य होता फक्त १९.४. लठ्ठ फारसं कुणी नाही, शहरातलं कुणी नाही, पिझ्झा-बर्गर कुणाच्या तोंडात नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : ज्यांची साखर अठराव्या वर्षी बिघडली, त्यांची सहाव्या आणि बाराव्या वर्षीची उपाशीपोटीची साखरही इतरांपेक्षा वरच्या बाजूला होती. पोटात असतानाची वाढही त्यांची कमी होती. एकदाच रक्त तपासून हे कधीच कळलं नसतं. तीच माणसं, तीच गावं, परत परत, म्हणून कळलं. दुसऱ्या कुठल्याही संस्थेची वाढ लोक मजले आणि मशीन मोजून सांगतात. या केंद्राची वाढ मी परत येण्यातून मोजते. ज्या ताईंनी मला पहिल्या दिवशी मापलं, त्यांच्यातल्या एकींनी माझ्या लेकीलाही मापलं.

याच्या शेजारी बाजारातली सेवा ठेवून पाहा. मी रांजणगावच्या एका कंपनीत हिशेब खात्यात आहे. कंपनी दर वर्षी सगळ्यांची ‘फुल बॉडी’ तपासणी करून घेते, एका खासगी लॅबकडून. नाव घेत नाही. चकचकीत फोल्डर, सत्तर-ऐंशी तपासण्या, लाल-हिरव्या रंगांचे तक्ते. समजावून सांगायला कुणी नाही. मी फोन करून विचारलं की माझी उपाशीपोटीची साखर दर वर्षी थोडी थोडी वर सरकतेय, त्याचं काय? उत्तर मिळालं, “मॅडम, तुमचं वजन बघता डायबेटिसचं टेन्शन घेऊ नका.” ज्या गैरसमजावर आमच्या सहा गावांनी आयुष्याची तीस वर्षं खर्चून उत्तर शोधलं, तोच गैरसमज पैसे घेऊन मला परत विकला जात होता. मला त्या माणसाचा राग आला नाही, पण वाईट फार वाटलं. मी वर्षाआड दोन तासांची ग्लुकोजची तपासणी करून घेते, संध्याकाळी चालते, दंडबैठका मारते, रात्री भात कमी खाते. साखर अजून काठावरच आहे, पुढे गेलेली नाही.

बी-१२ या जीवनसत्त्वाचा भाग मला स्वतंत्रपणे सांगायचा आहे, कारण तो प्रत्येक मराठी घराचा आहे. आमच्या आयांचं साठवून ठेवलेलं रक्त पुढे तपासलं तेव्हा दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी निघालं. फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड म्हणजे हेच जीवनसत्त्व) मात्र फक्त एकीचं कमी होतं. २००८ चा निष्कर्ष असा, की जिच्या अंगात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन सर्वांत कमी प्रभावी होतं. पुण्याच्या पुरुषांचाही एक अभ्यास याच युनिटने केला, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गीयांमध्ये तर ८१ टक्के! बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. आमच्याकडे मटण जत्रेला किंवा पाहुणे आले तर, आणि दूध डेअरीला. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये शाकाहार आणि पातळ चहा. निकाल एकच. (इथे एक सूचना : हे वाचून कुणी गरोदरपणातली फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच. डॉक्टरांना बी-१२ बद्दलही विचारा, एवढाच याचा अर्थ.)

२०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाचा पुढचा टप्पा सुरू झाला, आणि मला त्याचं सर्वांत जास्त अप्रूप आहे. आधीपर्यंत नुसतं मोजणं होतं, आता काही करून बघणं होतं. आम्हीच आता तरुण झालो होतो. आम्हा ५५७ मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले : एकाला रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला बी-१२ बरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, तिसऱ्याला नुसतीच दिसायला तशी गोळी. कुणाला काय मिळतंय ते आम्हाला माहीत नाही, देणाऱ्या ताईंनाही नाही. पहिलं मूल होईपर्यंत घ्यायची. गर्भ राहायच्या आधीपासून आईची तयारी केली तर बाळात फरक पडतो का, हे बघायचं होतं. २ मायक्रोग्रॅम म्हणजे किती थोडं! इंजेक्शन नाही, महागडं औषध नाही, रोजच्या गरजेइतकीच गोळी.

गोळ्यांच्या पट्ट्या ताई मोजून न्यायच्या. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींपर्यंत पट्ट्या पोचवल्या जात होत्या. माझ्या सासूबाईंना आईने लग्नाच्या बोलणीतच सांगून ठेवलं होतं, “आमची पोरगी केईएमची आहे, तिची गोळी चुकवू नका.” सासूबाईंनी ती देवघराच्या कोनाड्यात ठेवायची सोय केली, म्हणजे सकाळी दिवा लावताना आठवण राहील.

निकालाबद्दल मला नेमकं बोलायचं आहे, कारण अशा कामांबद्दल वाढवून बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. दोन ते साडेतीन वर्षांच्या सत्तरएक मुलांची पाहणी झाली, त्यात ज्यांच्या आयांना नुसतं बी-१२ मिळालं होतं त्यांची आकलनाची आणि भाषेची चाचणी जास्त चांगली आली. मुलं थोडी आहेत. तिसऱ्या पिढीची साखर कशी राहते हे कळायला ती मुलं मोठी व्हावी लागतील. युनिटमधल्या लोकांना या थांबण्याची सवय आहे. मलाही झाली आहे.

वढूचा उल्लेख वर आला, तिथलं थोडक्यात सांगते. माझी मावशी कोरेगाव भीमाकडे दिलेली आहे. तिच्याकडे केंद्राची माणसं वर्षातून दोनदा येतात : घरात कोण जन्मलं, कोण वारलं, कोण राहायला आलं, कोण गेलं. २००२ पासून २२ गावांत हे चालू आहे. सणसवाडीकडे कारखाने आले, बाहेरून भाडेकरू आले, शेतं प्लॉट झाली, आणि ती सगळी उलथापालथ त्या नोंदींत उतरली आहे. अशी पक्की नोंद असली की लशींची चाचणी नीट होते. रोटाव्हॅक ही रोटाव्हायरस या विषाणूच्या जुलाबावरची भारतीय लस दिल्ली, वेल्लोर आणि केईएमच्या या भागात मिळून ६,७९९ बाळांवर तपासली गेली. पहिल्या वर्षात या विषाणूच्या गंभीर जुलाबापासून ५६ टक्के संरक्षण मिळालं, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. माझ्या लेकीलाही सरकारी दवाखान्यात तोंडावाटे जुलाबाची लस दिली, तेव्हा मला मावशीच्या गावातली ती बाळं आठवली.

त्याच केंद्राने गोवराच्या फवाऱ्याची चाचणीही पुणे जिल्ह्यात केली होती. सुईऐवजी नाकातोंडाने हुंगायची लस. २,००४ बाळं. फवाऱ्याने ८५ टक्के बाळांत संरक्षण तयार झालं, सुईने ९५ टक्के. म्हणजे फवारा कमी पडला. २०१५ मध्ये तो निकाल जसाच्या तसा मोठ्या नियतकालिकात छापला. माझ्या मते संस्थेवर विश्वास टाकायचा की नाही हे ठरवताना ही गोष्ट पुरस्कारांपेक्षा जास्त बघावी. जे चाललं नाही तेही जी माणसं तितक्याच व्यवस्थित लिहितात, त्यांच्या चांगल्या निकालावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

माझी एक मागणी आहे, आणि ती देशातल्या सगळ्याच संशोधन संस्थांकडे आहे. ज्या गावातून माहिती घेतली, त्या गावाच्या भाषेत निष्कर्ष छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. एक पान पुरे. मी वर दिलेले आकडे इंग्रजी लेख वाचून, मैत्रिणींना विचारून गोळा केले. माझ्या आईच्या रक्तातून निघालेला आकडा तिला स्वतःला वाचता यावा, असं मला मनापासून वाटतं. मी आमच्या गावाच्या महिला ग्रामसभेत एकदा हे मराठीत सांगितलं, तेव्हा ज्या बायकांनी तेव्हा पाळीच्या तारखा दिल्या होत्या त्या उभ्या राहून “ते आमचं हाय व्हय?” असं विचारत होत्या. त्यांचा अभिमान बघण्यासारखा होता.

आता उपयोगाचं. डायबेटिस युनिटमध्ये अभ्यासाव्यतिरिक्त साध्या रुग्णांनाही तपासतात. जाताना जुने रिपोर्ट आणि शक्य असेल तर स्वतःचं जन्माचं वजन लिहून न्या. आईला विचारा, घरात जन्मकार्ड असेल तर शोधा. बारीक असलात तरी कमरेचा घेर मोजून घ्या. घरात साखर असेल किंवा तुमचं जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असेल, तर तिशीच्या आधीच दोन तासांची ग्लुकोज तपासणी करून घ्यायला डॉक्टरांना सांगा, नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबू नका. शाकाहारी असाल तर बी-१२ एकदा तपासाच.

आणि पुणे जिल्ह्यात तुमच्या दारात कधी केंद्राच्या ताई वही घेऊन उभ्या राहिल्या, तर त्यांना आत बोलवा. संमतीपत्र पूर्ण वाचून घ्या, न कळलेलं विचारा, पटलं नाही तर नाही म्हणा; तो हक्क तुमचाच आहे. पण हो म्हणालात तर मग भाकऱ्या खरंच जेवढ्या खाल्ल्या असतील तेवढ्याच सांगा.